कालुंदरचे आफ्रिकी भाऊबंद

दुबई-शारजाच्या फ्लॅटमध्ये कुत्रं पाळणं अवघड, म्हणून मुलांच्या हट्टाला शेवटी मासेच पावतात. दुकानातले निळे-पिवळे मासे बहुधा आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले सिक्लिड असतात. परके वाटतात, पण गोव्याच्या खाडीतला कालुंदर, म्हणजेच २०१० पासून केरळचा राज्यमासा असलेला करीमीन, याच कुळातला!

ओळखायची खूण सोपी आहे. बहुतेक माशांना प्रत्येक बाजूला नाकाची दोन छिद्रं असतात, सिक्लिडला एकच.

मलावीच्या माशांना क्षारांचं जड पाणी मानवतं. आपल्या नळाला येतं ते समुद्राचं क्षार काढलेलं पाणी. म्हणून आधी पाणी तपासावं. गरज पडल्यास फिल्टरमध्ये प्रवाळाचा चुरा घालावा.

या कुळाची खरी ओळख म्हणजे पिलांची राखण. मलावीची मादी अंडी तोंडात धरून सुमारे तीन आठवडे जवळजवळ उपाशी राहते. कालुंदरची जोडी मिळून पिलं सांभाळते. आमच्या टाकीत गाल फुगलेली मादी दिसली, की मुलं काचेवर टकटक करणं आपणहून थांबवतात.

मात्र जवळच्या दोन जाती एकत्र ठेवल्या तर संकर होतो आणि पिलांची जात सांगता येत नाही. मंडळात पिलं वाटायची असतील तर एका टाकीत एकच जात ठेवा, नावाची चिठ्ठीही द्या.

जास्तीचे मासे वादीत किंवा धरणात कधीच सोडू नका. तिलापियाही सिक्लिडच, १९५२ साली भारतात आणला, आणि आज तो आपल्या तळ्या-नद्यांतून हटत नाही.