आषाढातला वारा आणि कोय कलमं

पहाटे साडेपाच

आषाढात आमच्या निमोणे गावात पाऊस थोडा आणि वारा फार. ढग पश्चिमेकडून येतात आणि न थांबता पूर्वेला निघून जातात. त्यामुळे पावसाळ्यातही सकाळचं पहिलं काम कुंड्यांचंच. प्रत्येक कुंडीत बोट दोन पेरं खुपसून बघते. आत ओल लागली तर पाणी नाही, वरची माती कितीही कोरडी दिसो. अडेनियम पूर्व आफ्रिकेच्या माळावरचं, पांढरा चाफा मेक्सिकोकडचा, बोगनवेल ब्राझीलची; ही तिन्ही इथं माहेरी असल्यासारखी वाढतात. जपावं लागतं ते अँथुरियम, क्रोटन आणि नेच्यांना.

साडेसहा

परसातली फेरी. सरदार पेरूचा पावसाळी बहार पिकतोय. खाली पडलेलं प्रत्येक फळ उचलून खोल पुरते. फळमाशीची अळी फळातून निघून मातीत कोषात जाते, म्हणून पडलेली फळं तशीच राहिली की पुढच्या पेरूंना डंख ठरलेला. हा पेरू आपल्या पुण्याचाच. लखनौहून आणलेल्या पेरूच्या रोपांतून गणेशखिंडीच्या फळ संशोधन केंद्रात तो निवडला. जुनी माणसं त्याला अजून एल-४९ म्हणतात.

नऊ ते साडेबारा

स्वयंपाक उरकला की पडवीत पोतं अंथरायचं. आजचं खरं काम हे, कोय कलमांचं. जूनमध्ये खाल्लेल्या रायवळ आंब्याच्या कोयी लगेच मातीत लावल्या होत्या. कोय फार दिवस ठेवता येत नाही, वाळली की उगवत नाही. आता रोपं दोन-तीन आठवड्यांची झालीत. पानं अजून तांबूस आहेत. पानं हिरवी होऊन खोड टणक झालं की कलम नीट जुळत नाही, म्हणून या दिवसांत दुसरं काही हाती घेत नाही.

केसरच्या झाडावरच्या काड्या आठवड्यापूर्वीच तयार करायला घेतल्या होत्या: पानं छाटली आणि देठ तेवढे ठेवले. बोट लावताच देठ गळून पडतो, म्हणजे डोळे फुगलेत, काडी तयार आहे. काडी रोपाच्या खोडाएवढ्याच जाडीची निवडायची. रोप कोयीसकट अलगद उपटायचं, कोयीपासून चार बोटांवर कापायचं, मधोमध दोन बोटं खोल चीर द्यायची. काडीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी तास देऊन पाचर करायची, चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट आवळायची. पट्ट्या कापून द्यायचं काम आत्याबाईंचं. त्यांच्या पट्टीची रुंदी कधी चुकत नाही.

खरी घाई पाचर उघडी असते तेवढ्या वेळाची. ही पद्धत कोकणात रुजली. तिथं पावसाळ्यात हवाच ओली असते. इथं हा वारा कापलेली जागा बघता बघता सुकवतो. म्हणून पडवीच्या पश्चिमेला ओलं गोणपाट टांगते, काड्या भिजल्या फडक्यात ठेवते आणि पिशवीत लावलेल्या प्रत्येक कलमावर प्लास्टिकची टोपी चढवते. कोकणातल्या बागेत ज्याची गरज पडत नाही, ते इथं निम्मं काम आहे.

दुपार

जेवण, थोडी झोप. ऊन नसलं तरी या वेळी झाडाला हात लावत नाही.

पडल्या पडल्या इथल्या वाऱ्या-पाण्याचाच विचार चालतो. आमची घोड नदी आहुपेच्या डोंगरात उगम पावते. तिथं झोडपून पडलेला पाऊस डिंभ्याच्या धरणातून पुढे येत आमच्या जवळच्या चिंचणीच्या धरणात पोचतो. म्हणजे घाटमाथ्यावरचं पाणी आम्हाला मिळतं, घाटमाथ्यावरची हवा मिळत नाही. निमोण्यात दमट हवेची झाडं लावणाऱ्यानं पाण्याचा हिशेब नंतर करावा, आधी सावली आणि वाऱ्याची आड बघावी.

चार

हौसेनं पानांवर फवारा मारणारे खूप बघितले. वाऱ्यात ते पाणी लगेच उडून जातं, आणि बोअरचं पाणी असेल तर पानांवर पांढरे डाग राहतात. मी चिंचेच्या सावलीत पसरट घमेल्यांत वाळू भरून ओली ठेवते आणि वर विटांचे तुकडे मांडून त्यावर कुंड्या एकमेकींना खेटून ठेवते. बूड पाण्यात राहत नाही, भोवती गारवा टिकतो. अँथुरियमला नवं पान आलंय, चकचकीत, कडा कुठेही न करपलेलं.

मग लिंबावर गुटी बांधते. पेन्सिलीएवढ्या फांदीची बोटभर साल गोल काढायची, भिजलेलं शेवाळ गुंडाळायचं, वर प्लास्टिक.

सहा

पलीकडच्या काकू आल्या. कलमांच्या रांगेसमोर उकिडव्या बसल्या.

"हापूसचं एखादं देशील का गं?"

"काकू, केसर न्या. हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष रुसतो, वर फळात साका निघतो. केसरला साक्याचं भय नाही आणि आपली हवा त्याला चालते."

"मग आजच नेते."

"आज नको. पंधरा-वीस दिवसांत फूट दिसेल, मग टोपी काढायची. पुढच्या मृगापर्यंत इथंच राहू दे. तोवर तुम्ही गोठ्याच्या पूर्वेला कमरेएवढा खड्डा घ्या, उन्हाळाभर तापू द्या. भिंतीची आड मिळेल तिथं."