आपोआप मिटणारं बूच

“तेलाच्या बाटलीचं झाकण पुन्हा उघडं? कोणी ठेवलं?” हा प्रश्न तुमच्या घरी आठवड्यातून किती वेळा विचारला जातो? आणि उत्तर काय मिळतं? “मी नाही!” मग एखाद्या दिवशी तेलात मुंगी तरंगताना दिसते, नाहीतर बाटली ओट्यावर आडवी होते आणि अर्धा तास पुसापुशीत जातो.

आता आपण जरा वेगळा विचार करू. झाकण लावायला माणूस विसरतो, तर ते काम झाकणालाच सांगितलं तर? बाटली तिरकी केली की बूच उघडेल, सरळ ठेवली की मिटेल. ऐकायला सोपं वाटतं ना? पण असं बूच बनवायला बसलात की एकेक अडचण पुढे येते. चला, एकेक सोडवू.

आधी हवेला वाट द्या

पाण्याने भरलेली बाटली बेसिनवर एकदम उलटी करा. पाणी सरळ धारेने पडत नाही. भक्‌-भक्‌ आवाज करत, अडखळत पडतं. का बरं? बाटलीतून पाणी बाहेर आलं की त्याच्या जागी हवा आत जायला हवी. तोंड एकच, त्यातून पाण्याला बाहेर यायचं आहे आणि हवेला आत जायचं आहे. दोघांची दारातच ढकलाढकली होते!

तेलाचा डबा फोडताना दुकानदार काय करतो ते आठवा. तो पत्र्याला एक नाही, दोन भोकं पाडतो. एकातून तेल येतं, दुसऱ्यातून हवा जाते. म्हणून आपल्या बुचातही दोन वाटा हव्यात, किंवा एकच वाट दोघांना पाळीपाळीने वापरता यायला हवी. हे विसरलात तर कितीही सुंदर बूच केलंत तरी तेल थेंब-थेंबच पडेल.

मिटवणार कोण?

आता मुख्य प्रश्न. बूच आपोआप मिटतं म्हणजे काही जादूने मिटत नाही. कोणतं तरी बळ ते मिटवत असतं. हे काम करणारे तीन नोकर आपल्याला सहज मिळतात : वजन, वायूचा दाब आणि रबराचा ताण.

पहिला नोकर वजन. काही हॉटेलांत तेलाच्या किंवा सरबताच्या बाटल्यांवर धातूची तोटी असते आणि तोटीच्या तोंडावर बिजागरीचं छोटं झाकण. बाटली सरळ असली की झाकण आपल्या वजनानेच तोंडावर पडून राहतं. बाटली तिरकी केली की तेच झाकण खाली लोंबतं आणि तेलाला वाट मिळते. फक्त बिजागरी वरच्या बाजूला हवी. खालच्या बाजूला बसवलीत तर झाकण नेमकं धारेतच पडेल आणि तेल सगळीकडे पसरेल. या बुचाची एक खोड मात्र आहे. बाटली आडवी पडली की झाकणाचं वजन तोंडावर दाब देत नाही. बाटली ओतायला तिरकी केली आहे की धक्का लागून पडली आहे, हे बिचाऱ्या झाकणाला कसं कळणार?

दुसरा नोकर वायूचा दाब. हा तर तुमच्या ओळखीचा. गोटी सोडा! ही बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रज अभियंत्याची. 1872 साली त्याने ती नीट जमवली. बाटलीच्या तोंडात आतून रबराची कडी आणि गळ्यात काचेची गोटी. बाटली उलटी धरून भरतात, त्यामुळे गोटी कडीवर येऊन बसते. मग बाटली सरळ केली तरी आतला वायू गोटीला वर रेटून धरतो. बाटलीतल्या वायूनेच बाटलीचं दार लावून घेतलं म्हणायचं! गोटी आत दाबली की फस्‌ आवाज होतो आणि सोडा पिण्यासाठी तयार.

पण खरी हुशारी पुढेच आहे. ओतताना गोटी घरंगळत येऊन तोंड बंद करणार नाही का? म्हणून कॉडने गळ्याच्या एका बाजूला दोन खाचा ठेवल्या. ती बाजू खाली धरून ओतलं की गोटी खाचांपाशी अडकते आणि सोडा मोकळा वाहतो. बाटली दुसऱ्या बाजूने तिरकी केली तर मात्र गोटी तोंडाशी येऊन बसते. आता तेलाला गोटी चालेल का? अशी तर नाहीच. तेलात गोटीला वर रेटणारा वायू कुठे असतो? म्हणजे बूच ठरवण्याआधी बाटलीत काय भरायचं आहे ते ठरवायला हवं.

तिसरा नोकर रबराचा ताण. टोमॅटो सॉसची दाबायची बाटली पाहिलीत? काही बाटल्यांच्या झाकणात मऊ सिलिकोनची छोटी चकती असते आणि तिला चिरा पाडलेल्या असतात. बाटली दाबली की चिरा उघडतात, सोडली की ओठ मिटावेत तशा मिटतात. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या मिडलंड गावी पॉल ब्राऊन यांचा साचे बनवण्याचा छोटा कारखाना होता. त्यांनी 1991 साली अशी झडप तयार केली. आधीचे कितीतरी नमुने फसले होते. ही झडप आधी शाम्पूच्या बाटल्यांत आणि लहान मुलांच्या पेल्यांत गेली, मग सॉसच्या बाटल्यांत. तिला हवी मात्र दाबता येणारी बाटली. काचेच्या बाटलीला ही युक्ती चालत नाही.

करून पाहा

साहित्य : दाबली की चेपणारी प्लॅस्टिकची बाटली, तिचं फिरकीचं झाकण, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा. पंक्चरवाल्याकडे मागितलात तर तो सहज देईल.

झाकणाच्या मधोमध सुमारे 1 सेंटिमीटरचं भोक मोठ्या माणसाकडून पाडून घ्या. ट्यूबची झाकणात आतून बसेल अशी गोल चकती कापा. चकतीच्या मधोमध अर्ध्या सेंटिमीटरची एकच चीर पाडायची आहे. ब्लेडचं काम, तेव्हा तेही मोठ्यांनीच करायचं. चकती न ताणता झाकणात ठेवा, बाटलीत पाणी भरा आणि झाकण घट्ट लावा.

आता बाटली बेसिनवर उलटी धरा आणि दाबा. धार आली? सोडा. धार थांबली आणि बाटली हवा आत ओढून घेऊ लागली? मग तुमची झडप जमली. इथे हवेसाठी वेगळी वाट नाही. एकाच चिरेतून पाणी आणि हवा पाळीपाळीने जातात. उलटी बाटली गळत असेल तर नव्या चकतीला जरा लहान चीर पाडून पाहा. ही बाटली फक्त प्रयोगासाठी, त्यातलं पाणी प्यायचं नाही.

आता खऱ्या अभियंत्यासारखी वहीत नोंद करा. उलट्या बाटलीतून एका मिनिटात किती थेंब गळले? बाटली आडवी पाडली तर? पाण्याऐवजी चमचाभर तेल घेतलं तर? आणि आठवडाभराने पुन्हा पाहिलं तर? ही शेवटची परीक्षा फार महत्त्वाची. हवा लागून तेल चिकट होतं आणि चिकट तेलाने बिजागरी अडकते, चीर चिकटून बसते. म्हणून जे बूच उघडून धुता येत नाही, ते स्वयंपाकघरात टिकत नाही.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा

आपोआप मिटणारं बूच म्हणजे लहान मुलांपासून सुरक्षित बूच नव्हे, बरं का! तिरकं केलं की उघडणारं बूच तुमच्या दोन वर्षांच्या बहिणीच्या हातातही उघडणारच. त्यासाठी अगदी उलटं कोडं सोडवावं लागतं : मोठ्यांना उघडेल पण बाळाला उघडणार नाही असं झाकण. कॅनडातल्या विंडसर शहरात डॉ. हेन्री ब्रो हे मुलांचे डॉक्टर होते. औषधं गिळून विषबाधा झालेली मुलं पाहून ते अस्वस्थ होत. त्यांच्या धडपडीतून 1967 साली असं झाकण आलं, की जे तळहाताने आधी दाबायचं आणि मग फिरवायचं. ही दोन कामं एकदम करणं बाळांना जमत नाही.

आणि बूच कोणतंही असो, फिनेल, रॉकेल, अ‍ॅसिड पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीच भरायचं नाही. लहान मूल बूच बघत नाही, बाटली बघतं आणि तोंडाला लावतं. आज घरातल्या मोठ्यांना घेऊन मोरीतल्या, माळ्यावरच्या बाटल्या एकदा तपासा पाहू!

जाता जाता एक कोडं. ओतताना उघडेल, पण बाटली पडली तर मिटून राहील असं बूच करता येईल का? सोड्याची गोटी एका बाजूला तिरकं केल्यावर वाट देते आणि दुसऱ्या बाजूला वाट अडवते, हे आठवा. तिथून सुरुवात करा. घ्या वही आणि काढा आकृती!