एकास सहा प्रमाणातला टायगर

टायगर 1 हा जर्मन रणगाडा लढाईला सज्ज झाला की सुमारे 57 टन भरायचा. त्याचे एकास सहा प्रमाणातले, रिमोटवर चालणारे मॉडेल करायचे ठरवले, तर ते किती वजनाचे व्हावे? 57 ला 6 ने भागून साडेनऊ टन, असे पटकन मनात येते. खरे उत्तर आहे 264 किलो. लांबी सहाने भागली की रुंदी आणि उंचीही सहाने भागावी लागते. म्हणून लांबीचा भाजक 6, पृष्ठभागाचा 36 आणि वजनाचा 216. एकाच वस्तूला हे तीन वेगवेगळे भाजक लागतात. मोठ्या मॉडेलमधला सगळा आनंद आणि सगळी डोकेफोड या तिघांचे आपापसांत न पटण्यातून येते.

बाहेरून पाहता हिशेब सोपा वाटतो. तोफेसकट 8.45 मीटर लांबीचे होतात 1.41 मीटर, 3.7 मीटर रुंदीचे 62 सेंटिमीटर आणि तीन मीटर उंचीचे अर्धा मीटर. म्हणजे अडीच फुटी दारातून हा टायगर बाहेर निघतो. पुढचे 100 मिलिमीटर जाडीचे चिलखत इथे 16.7 मिलिमीटरचे होते. 88 मिलिमीटरच्या तोफेची नळी तिच्या व्यासाच्या 56 पट लांब, म्हणजे 4.93 मीटर. मॉडेलमध्ये ती 82 सेंटिमीटरची आणि भोक साडेचौदा मिलिमीटरच्या जरासे वर.

वजन मात्र इतक्या सरळपणे येत नाही. 264 किलो हा आकडा मूळ रणगाड्यासारखे सगळे पोलादात, त्याच जाडीच्या प्रमाणात केले तरच निघतो. प्रत्यक्षात बराचसा सांगाडा ॲल्युमिनियमचा असतो आणि ॲल्युमिनियम पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश वजनाचे. तरीही धातूचे असे मॉडेल सहज शंभर किलो ओलांडते. हाच टायगर एकास सोळा प्रमाणात केला तर हिशेबाने 14 किलोचा आणि एकास पस्तीस प्रमाणात फक्त 1.3 किलोचा. तो पस्तीसचा आकडा तरी कुठून आला? तो कोणत्याही सैन्याच्या नकाशातला नाही. जपानच्या शिझुओकामधल्या तामिया कंपनीने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला मोटारवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत बॅटऱ्या मावल्या पाहिजेत म्हणून त्याचा आकार ठरला, आणि मग मोजल्यावर प्रमाण निघाले एकास पस्तीस. जगभरातल्या कपाटांमध्ये आज जे रणगाडे उभे आहेत, त्यांतल्या बहुतेकांचे माप त्या बॅटऱ्यांनी ठरवलेले आहे.

आता पट्ट्यांकडे येऊ. हौशी मंडळींचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि तो जायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे. टायगरच्या प्रत्येक बाजूच्या पट्ट्यात 96 कड्या, दोन्ही मिळून 192. प्रत्येक कडी 725 मिलिमीटर रुंद आणि एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर 130 मिलिमीटर. 96 गुणिले 130 केले की एका पट्ट्याची लांबी मिळते, जवळजवळ साडेबारा मीटर. मॉडेलमध्ये कडी 121 मिलिमीटर रुंद, अंतर 21.7 मिलिमीटर आणि सगळा पट्टा दोन मीटर आठ सेंटिमीटरचा.

समजा पिनेचे भोक हवे त्यापेक्षा फक्त 0.1 मिलिमीटर सैल पडले. एका सांध्यात ते डोळ्यांना दिसणारही नाही. पण 96 सांधे ओळीने लागले की एकूण ढिलाई 9.6 मिलिमीटर होते, म्हणजे जवळजवळ अर्धी कडी. वळताना पट्टा चाकांवरून उतरायला तेवढे पुरते. म्हणूनच 192 कड्यांची भोके एकाच जिगमध्ये, एकाच ड्रिलने पाडायची असतात. इथे हाताचे कसब उपयोगी पडत नाही, लागते ते पुन्हापुन्हा अगदी तेच करण्याचे धैर्य.

पट्ट्याच्या आत चाके. सुरुवातीच्या टायगरला प्रत्येक बाजूला आठ आस आणि दर आसावर तीन चाके, म्हणजे 24. दोन्ही बाजूंची मिळून 48, प्रत्येकी 800 मिलिमीटर व्यासाची आणि एकमेकांच्या फटींत घुसलेली. आतले एक चाक बदलायचे तर बाहेरची कितीतरी काढावी लागत. ते कष्ट मॉडेलकारालाही चुकत नाहीत, फक्त त्याची चाके 133 मिलिमीटरची असतात.

त्या आसांना धरणाऱ्या टॉर्शन बारमध्ये तर भूमितीच फसवते. रणगाड्याच्या तळाशी आडव्या टाकलेल्या या पोलादी दांड्या पिळल्या की स्प्रिंगचे काम करतात. त्या अचूक सहापट लहान केल्या तर त्यांचा ताठपणा सहाने कमी होतो, पण वरचे वजन 216 ने कमी झालेले असते. परिणामी मूळ रणगाडा जितका दबतो त्याच्या छत्तिसाव्या हिश्शाइतकेच मॉडेल दबते, दबायला मात्र हवे सहाव्या हिश्शाइतके. म्हणून जाणता माणूस दांडी प्रमाणापेक्षा साधारण दीडपट बारीक घेतो. वजन पूर्ण आले नसेल तर आणखी बारीक. कागदावर ती दांडी चुकीची असते, पण मातीवर तीच बरोबर ठरते.

ताकदीचा हिशेब मला सगळ्यात चक्रावून टाकणारा वाटतो. नंतरच्या टायगरमधले मेबाख इंजिन 23 लिटरचे, 700 अश्वशक्तीचे, म्हणजे 515 किलोवॉटचे. वजन 216 पट कमी आणि वेग सहापट कमी धरला तर ताकद 1296 ने भागायची. उरतात 397 वॉट. ज्या रणगाड्यासाठी पूल आधी तपासावे लागत, त्याची छोटी प्रतिकृती चालवायला स्वयंपाकघरातल्या मिक्सरपेक्षाही कमी ताकद पुरते. 540 लिटर पेट्रोलचे होते अडीच लिटर. त्याऐवजी 12 व्होल्ट, 40 अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या ठेवल्या तर त्यांत एक किलोवॉट-तासाच्या आसपास ऊर्जा मावते. पूर्ण ताकदीने दोन तास निघतात आणि शिशाच्या बॅटऱ्यांचे वजनही आयते कामाला येते. हे वजन तळाशी बसवले की पट्टा जमिनीला घट्ट चिकटतो.

पण वेग सहानेच भागायचा का? ताशी 45 किलोमीटरचे साडेसात होतात, भरभर चालण्याच्या बेताचे. तेवढ्याने डोळ्यांचे समाधान होत नाही. गुरुत्वाकर्षण मॉडेलसाठी सहापट कमी होत नाही. सहापट कमी उंचीवरून पडणारी वस्तू सहापट नव्हे, तर सहाच्या वर्गमुळाने, म्हणजे 2.45 पट लवकर जमिनीवर येते. ब्रेक लावल्यावर नाक खाली जाणे, खड्ड्यातून वर येताना डुलणे, हे सारे मॉडेलमध्ये तितकेच घाईचे होते आणि तिथेच खेळणे उघडे पडते. चित्रीकरणात यावर उपाय आहे. सेकंदाला 24 चौकटींऐवजी 24 गुणिले 2.45, म्हणजे 59 चौकटी घ्यायच्या आणि नेहमीच्या गतीने दाखवायच्या. आजकालच्या साध्या फोनमध्ये साठची सोय असते. तो व्हिडिओ संथ केला की डुलण्यात 57 टन दिसू लागतात.

यानंतर उरते बारीकसारीक काम. चांगली नजर हातभर अंतरावरून 0.1 मिलिमीटरची रेघ ओळखते. एकास पस्तीस प्रमाणात त्या रेघेत मूळचे साडेतीन मिलिमीटर लपतात, एकास सहा प्रमाणात फक्त 0.6. शिवाय पृष्ठभाग 34 पट वाढलेला. म्हणजे जे छोट्या मॉडेलमध्ये रंगाच्या फटकाऱ्याने भागते, ते इथे खरेखुरे घडवावे लागते: वेल्डिंगची खवल्यांसारखी रेघ, बोल्टचे कंगोरे, गॅसने कापलेल्या पोलादाच्या कडेवरचे चरे. धूळसुद्धा लहान करावी लागते. अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण या प्रमाणात तीन मिलिमीटरची खडी दिसतो. म्हणून चिखलासाठी अंगणातली माती चालत नाही, वस्त्रगाळ केलेली रंगभुकटीच लागते.

तपशिलात तारीखही महत्त्वाची. इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात टायगर 131 आहे, एप्रिल 1943 मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागलेला आणि दुरुस्तीनंतर पुन्हा चालू लागलेला. त्याच्या मॉडेलवर झिमेरिट लावणे चूक आहे. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून लावायचा हा खरबरीत लेप 1943 च्या उत्तरार्धात आला.

आपल्याकडे खरे पोलाद जवळून पाहायचे तर अहिल्यानगरचे 1994 मध्ये सुरू झालेले रणगाडा संग्रहालय आहे. तिथे टायगरचा काळ अनुभवलेले माटिल्डा आणि व्हॅलेंटाइन आहेत, भारतीय लष्कराने 1965 आणि 1971 मध्ये लढवलेला सेंच्युरियनही आहे. सुमारे 52 टनांचा सेंच्युरियन एकास सहा प्रमाणात 240 किलोचा होईल. त्याच्या ओतीव बुरुजावरचा खडबडीतपणा किती खोल आहे ते जवळ जाऊन पाहावे, मिलिमीटरमध्ये अंदाज बांधावा आणि मग सहाने भागावा.