रुईवरची दोन बिऱ्हाडं

चैत्राच्या उन्हात शेगावबाहेरच्या एखाद्या धुऱ्यावरचं रुईचं फळ हातात घ्यावं. हिरवट, फुगीर, कैरीच्या आकाराचं, आणि दाबलं तर आत पोकळ वाटणारं. उभं चिरलं की देठाशी पांढरा चीक टपकतो. आत बिया माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक रचलेल्या, आणि प्रत्येकीला रेशमी धाग्यांची ओली बट. निरोगी फळ असं असतं. आणखी काही फळं चिरली की एखादं वेगळं निघतं. त्यातली बियांची रास मधूनच ढासळलेली असते, जागोजागी तपकिरी भुसा साचलेला असतो आणि त्या भुशात वेटोळं करून बसलेली असते एक पांढरी, बिनपायांची अळी.

ही सोंडकिड्याची अळी. शास्त्रीय नाव पॅरामेकॉप्स फॅरिनोसस. यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ पिठाळलेला, आणि नाव अगदी चपखल आहे. मोठ्या किड्याच्या अंगावर कुणी पीठ भुरभुरल्यासारखी पांढरट छटा असते. रुईच्या कोवळ्या पानांवरही तशीच पांढुरकी लव असल्यामुळे तो समोर असूनही पटकन दिसत नाही. हा सोंडकिडा पानं आणि कळ्या कुरतडून जगतो. मादी कोवळ्या फळात अंडी घालते, अळी बिया खात वाढते आणि त्याच फळात कोषात जाते. बाहेर येतो तो थेट सोंड असलेला पूर्ण वाढीचा किडा. त्याचं सारं बालपण एका फळात सरतं.

ते फळही सहजासहजी मिळत नाही. रुईचे पराग सुट्या भुकटीचे नसतात, ते पिशवीसारख्या गोळ्यांत बांधलेले असतात. फुलावर बसलेल्या मोठ्या काळ्या भुंग्याच्या पायाला ते अडकतात आणि पुढच्या फुलात नेमक्या फटीत बसले, तरच फळ धरतं. म्हणून झाड फुलांनी लगडलेलं असलं तरी फळं मोजकीच दिसतात. त्या मोजक्या फळांवर सोंडकिड्याप्रमाणे रुईची फळमाशीही हक्क सांगते. एका फळात किती जणांची भूक सामावलेली आहे, हे चिरल्याखेरीज कळत नाही. चिरताना मात्र चेहरा लांब ठेवावा. हा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, आणि सुरुवातीला फारसं दुखत नसल्यामुळे माणूस गाफील राहतो.

दुसरं बिऱ्हाड पावसाळ्यातलं. गजानन महाराजांची पालखी पंढरपूरच्या वाटेला लागते, तेव्हा रुईची पानं साधारण अखंड असतात. वारी करून ती खामगावमार्गे शेगावात परतते, तोवर पाऊस चांगला मुरलेला असतो आणि पानांच्या कडांना अर्धगोल चावे दिसू लागतात. पान हळूच उलटलं की खाली निळा भुंगेरा सापडतो. प्लॅटिकोरायनस पेरेग्रिनस. लांबी जेमतेम सेंटिमीटरभर, पण रंग असा की नजर हटत नाही. सावलीत गर्द निळा, उन्हात हिरवा, थोडं वळवलं तर जांभळा. हा रंग त्याच्या कवचाच्या पातळ थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा आहे, म्हणून कोन बदलला की तोही बदलतो. बोट जवळ नेलं की तो पाय आखडतो आणि टपकन खाली पडतो. काळ्या मातीच्या भेगेत एकदा गेला की शोधणं कठीण.

श्रावणातल्या शनिवारी मारुतीसाठी पानं तोडणारा माणूस हे चावे सगळ्यांत आधी पाहतो, कारण माळेत कुरतडलेलं पान चालत नाही.

निळा भुंगेरा दिसतो तो इतकाच, पावसाळ्याचे काही आठवडे. या भुंगेऱ्याच्या कुळातल्या अळ्या मातीत राहून मुळं खातात, तिथेच कोषात जातात. म्हणजे त्याच्या आयुष्याचा मोठा भाग आपल्या पायाखाली सरतो. सोंडकिड्याने फळ घेतलं, भुंगेऱ्याने मुळं. पानं दोघांची. एका झाडाची ही वाटणी इतकी नेटकी आहे की एकाच्या अळीचं दुसऱ्याच्या अळीशी कधी भांडण होत नाही.

वऱ्हाडात ‘रुई’ म्हटलं की पहिला अर्थ निघतो सरकी काढलेल्या कापसाचा. पऱ्हाटीच्या या मुलखात रुईच्या झाडाकडे कोण बघणार? बकरीसुद्धा सहसा तोंड लावत नाही. कारण चिकातली विषं. हृदयाचे ठोके, मज्जातंतूंचे संदेश हे सारं ज्या सोडियम-पोटॅशियम पंपावर चालतं, त्यालाच ती जाऊन चिकटतात आणि पंप बंद पाडतात. मग हे किडे जगतात कसे? निळ्या भुंगेऱ्याचे जवळचे नातलग अमेरिकेत आहेत, क्रायसोकस नावाचे. त्यांच्या पंपाच्या प्रथिनात 122व्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदललेलं आढळलं, त्यामुळे विषाला धड पकडच मिळत नाही. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळलं की फुलपाखरं, भुंगेरे, ढेकूण आणि माश्या अशा चार वेगळ्या गणांतल्या कीटकांनी स्वतंत्रपणे याच जागी उत्तर शोधलं आहे. क्रायसोकस तर त्यापुढे जाऊन पानातलं विष आपल्या ग्रंथींत साठवतो आणि शत्रूवर वापरतो.

विषावर उपाय मिळाला तरी चीक उरतोच. तो जबडे चिकटवून टाकतो. अमेरिकेतल्या चिकाच्या झाडांवर टेट्राओपीस नावाचा लाल भुंगेरा असतो. तो आधी पानाची मधली शीर चावून ठेवतो. चीक तिथेच वाहून जातो, मग तो शिरेच्या पुढचा कोरडा भाग निवांत खातो. डेव्हिड ड्यूसूर आणि थॉमस आयस्नर यांनी 1987 साली ही युक्ती जगापुढे मांडली. शेतात पाटाचं पाणी वर अडवून खालच्या वाफ्यात काम करावं, तसंच हे.

ऑस्ट्रेलियात हीच रुई वेगळ्या रूपात भेटते. उत्तरेकडच्या गुरांच्या कुरणांत ती तण म्हणून पसरली आहे, कारण तिचे हे जुने सोबती तिथे पोचलेच नाहीत. म्हणून तिथल्या शास्त्रज्ञांनी भारत आणि पाकिस्तानातल्या रुया धुंडाळल्या. त्यांच्या आशेच्या यादीत बिया खाणारा आपला पिठाळ सोंडकिडा आहे. इथे ज्याला कुणी नावानं ओळखत नाही, त्याची तिथे वाट पाहिली जाते. आपल्या धुऱ्यांवर रुई आवरात राहते, त्यात या किड्याचा वाटा आहे, आणि त्याची कदर व्हायला हवी.

वैशाखात फळं उकलतात. निरोगी फळातून म्हाताऱ्या उडतात आणि पोरं त्यांच्यामागे धावतात. सोंडकिड्याच्या फळातून धड उडणारं फारसं काही निघत नाही. धागे भुशात गुंतून राहतात.

मग धुरे साफ करायचे दिवस येतात. रुई बुडापासून तोडली जाते, ढीग लावून पेटवली जाते. फळात राहिलेल्या अळ्या आणि कोष त्यातच जातात. मुळं मात्र मातीत खोल असतात. पहिल्या दोन पावसांनंतर काळ्या पडलेल्या खुंटाच्या बाजूने पांढरट लवेचे कोंब वर येतात, पानं रुंद होतात, आणि एखाद्या सकाळी त्यातल्या एका पानाच्या कडेला ताजा अर्धगोल चावा असतो. त्यात अजून चीक ओला असतो.