लांबच्या सफरीची बुलेट आणि आपला मिस्त्री

मे महिना संपत आला की बुलेटचे काम करणाऱ्या गॅरेजमध्ये एक वेगळे गिऱ्हाईक दिसू लागते. रोजचे गिऱ्हाईक घाईत असते. संध्याकाळी गाडी मिळाली की त्याचे काम झाले. हे गिऱ्हाईक मात्र सकाळी येऊन स्टुलावर बसते, मिस्त्रीच्या हाताकडे बघते आणि शंभर प्रश्न विचारते. त्याला लेहला जायचे असते. मनालीकडून जायचे की श्रीनगरकडून, बर्फ कधी वितळतो, पेट्रोल किती न्यायचे, कोणता सुटा भाग वाटेत दगा देतो, हे सारे त्याला आपल्या मिस्त्रीकडूनच हवे असते.

अशा गिऱ्हाइकाचा आपल्यातील काही जुन्या उस्तादांना कंटाळा येतो. एका उस्तादांनी मला बोलूनच दाखवले, "भाई, गिऱ्हाईकाला सगळंच शिकवलं तर आपण काय खायचं?" या प्रश्नाला उत्तर द्यायला हवे, कारण तो पोटाचा प्रश्न आहे. माझे मत उस्तादांच्या उलट आहे. ते का, हे पुढे येईलच.

दोन प्रकारच्या गाड्या

आधी धंद्याची बाजू पाहू. १९५५ साली मद्रासमध्ये इंग्लंडच्या रॉयल एनफील्डशी भागीदारी करून बुलेट तयार होऊ लागली. इंग्लंडमधील मूळ कंपनी पुढे बंद पडली, पण मद्रासची गाडी चालू राहिली. १९९४ साली आयशर समूहाने ती कंपनी ताब्यात घेतली. २०१० च्या सुमारास जुने बिडाचे इंजिन बंद होऊन इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेले नवे इंजिन आले. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटरही गेला.

याचा अर्थ असा की, आज सफरीला निघणाऱ्या गाड्या दोन जातीच्या आहेत. नवी गाडी बिघडली की बहुधा सेन्सर किंवा वायरिंगचे काम निघते आणि ते मशीन लावून पाहावे लागते. जुनी गाडी बिघडली तर कान, बोटे आणि चार पाने पुरतात. ज्याला हे जमते असा हात आता कमी होत चालला आहे, म्हणूनच जुन्या बुलेटवाल्यांना अशा मिस्त्रीची किंमत कळते. दिल्लीच्या करोल बागेत बुलेटच्या कामाच्या गल्ल्याच वसल्या आहेत. आपल्याकडे पुण्याच्या नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याला सुटे भाग मिळतात, पण सफरीची गाडी तयार करून देणारा कारागीर शोधावा लागतो.

डोंगर काय करतो

मनाली ते लेह हा रस्ता पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. २०२० साली अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगची चढण टाळता येते, पण पुढचे बारालाचा, लाचुलुंग आणि तांगलांग हे घाट चुकत नाहीत. तांगलांगला उंची ५,३०० मीटरच्या वर जाते. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने जवळजवळ निम्मा असतो. कार्ब्युरेटरची गाडी पेट्रोल मात्र आपल्या सवयीनेच ओढते. हवा कमी आणि पेट्रोल जास्त, त्यामुळे प्लग काळा पडतो, धूर निघतो आणि गाडी पहिल्या गिअरमध्येही रडते. गिऱ्हाइकाला वाटते इंजिन बसले. इंजिन बसलेले नसते. पायथ्याशी उतरताच ते पुन्हा ठणठणीत होते.

हे आधी सांगून ठेवले नाही तर माणूस भर घाटात अनोळखी हाताला इंजिन उघडायला देतो आणि तिथून खरी बरबादी सुरू होते. त्याला एवढेच शिकवा की प्लग काढून तारेच्या ब्रशने घासायचा, एअर फिल्टर झटकायचा, एअर स्क्रू थोडा फिरवून पाहायचा आणि सामान कमी ठेवायचे. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचे प्रमाण आपोआप जुळते. ताकद मात्र तिचीही कमी होतेच.

पेट्रोलचा हिशेब कागदावर मांडून द्यावा. टांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्ध आहे. वर्षानुवर्षे स्वार तिच्याखाली उभे राहून फोटो काढत आले आहेत. चढणीवर लिटरला २५ किलोमीटर धरले तर साडेचौदा लिटर पेट्रोल हवे. जुन्या बुलेटची टाकी काठोकाठ भरली तरी जेमतेम तेवढेच बसते. म्हणून पाच लिटरचा डबा सोबत असावा.

शिकवण्याच्या पाच गोष्टी

जुन्या गाडीवाल्याला पाच कामे स्वतःच्या हाताने करता आली पाहिजेत. क्लच वायर बदलणे, प्लग साफ करणे, चेन ताणणे, पंक्चर काढणे आणि पॉइंट व टॅपेट पाहणे. शेवटचे काम अवघड वाटते, पण अर्ध्या तासात शिकवता येते. इंजिन पूर्ण थंड हवे. पिस्टन दाबाच्या फेरीत वरच्या टोकाला आणायचा. मग बिडाच्या इंजिनाचे टॅपेटचे झाकण काढून पुशरॉड दोन बोटांनी फिरवून पाहायचा. तो सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. गेज नसले तर मिस्त्रीने त्याला एक देऊन टाकावे. ही छोटीशी वस्तू गिऱ्हाईक वर्षभर विसरत नाही.

किकचेही सांगितले पाहिजे. थकलेला माणूस थंड हवेत घाईने किक मारतो, गाडी उलटी किक देते आणि घोटा जातो. अ‍ॅमीटरचा काटा पाहून, डीकॉम्प्रेसर दाबून पिस्टन पुढे सरकवायचा आणि मगच किक मारायची, हे दहा वेळा गॅरेजमध्येच करून घ्यावे.

क्लच वायरची एक जुनी युक्ती आहे. नवी वायर चालू वायरच्या बाजूनेच टाकून दोन्ही टोके बांधून ठेवायची. जुनी तुटली की टाकी न काढता पाच मिनिटांत नवी जोडता येते. मात्र वायर चांगलीच असावी. एकदा चाळीस रुपये वाचवायला मी डुप्लिकेट वायर घेतली आणि आंबा घाटात तिचे निपल उपटून आले. तिन्हीसांजेची वेळ होती. अर्ध्या तासाने रत्नागिरीकडे निघालेला एक बुलेटवाला थांबला, आपली बांधून ठेवलेली वायर सोडली आणि माझ्या गाडीला लावून दिली. मी पैसे काढले तर म्हणाला, "राहू द्या दादा. कोल्हापुरात अमुक गॅरेजला हीच वायर ठेवून जा, मी परतताना घेईन." मी तिथे गेलो तर मिस्त्रीने वायर घेऊन भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. तिथे आधीच दोन वायरी आणि एक ट्यूब लटकत होती. कोणी कोणाला दिलेली, कोण घेऊन जाणार, त्याची वही नव्हती.

बुलेटवाल्यांची बिरादरी ही अशी आहे. रस्त्यावर एकमेकांना हात केल्याशिवाय ते पुढे जात नाहीत. गोव्यात त्यांचा मोठा मेळावा भरत आला आहे आणि तिथे कोणत्या गावचा कोणता मिस्त्री इमानदार, याची चर्चा गाड्यांइतकीच होते. उस्तादांच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. ज्याला तुम्ही पाच कामे शिकवली, तो घाटात स्वतःची गाडी सुरू करतो आणि मग रात्रीच्या तंबूत चौघांना तुमचे नाव सांगतो. न शिकवलेला माणूस गाडी ट्रकमध्ये टाकून आणतो आणि त्याच रात्री तुमचे नाव वेगळ्या कारणाने घेतो. इंजिन खोलणे, क्रँक, बोअर, गिअरबॉक्स ही कामे गिऱ्हाईक कधीच घरी करणार नाही. ती आपलीच आहेत.

सीटवाले आणि वेल्डर

या सफरीत मिस्त्रीच एकटा कमावत नाही. दिवसाला आठ तास बसायचे म्हणजे सीटचे काम आले. सीटवाल्याने फोम कापण्याआधी गिऱ्हाइकाला गाडीवर बसवून पाहावे. फार मऊ फोम दोन तासांत खाली दबतो आणि पाठ मोडते. ताडपत्री किंवा जाड रेक्झिनच्या सॅडल बॅगा शिवणाऱ्यांनाही काम आहे, फक्त शिवणीतून पाणी जाणार नाही याची हमी हवी.

कॅरियर करणाऱ्या वेल्डरने एक ध्यानात घ्यावे. एक सिलिंडरची बुलेट हादरे देते आणि खराब रस्ता त्यात भर घालतो. जिथे वेल्डिंग घाईचे तिथेच तडा जातो. नट-बोल्टच्या मध्ये रबरी वॉशर आणि वर नायलॉक नट घालावा. सामानाचे वजन खाली आणि पुढे राहील असे कॅरियर करावे. शेपटीवर उंच रचलेले सामान वळणावर गाडी फेकते. पेट्रोलच्या डब्याची जागा सायलेन्सरपासून लांब हवी, हे सांगायची गरज नसावी, पण मी उलटे पाहिले आहे.

निघताना आणि परतल्यावर

अनेक जण दिल्ली किंवा चंदीगडपर्यंत गाडी रेल्वेने पाठवतात. रेल्वे टाकी रिकामी करायला लावते आणि आरसी बुकाची प्रत मागते. गाडी गोणपाटात बांधावी लागते. आरसे व इंडिकेटर आधीच काढून पिशवीत घालावेत, नाहीतर उतरवताना तुटतात.

चार-सहा जण असतील तर सर्वांत संथ स्वार पुढे आणि हत्यारे घेऊन जाणकार सर्वांत मागे. नाले सकाळी ओलांडावेत, दुपारी बर्फ वितळून पाणी चढते. डोके दुखू लागले, मळमळले तर चढण थांबवून विश्रांती घ्यावी आणि त्रास वाढला तर सरळ खाली उतरावे. त्या बाबतीत मर्दुमकी दाखवू नये.

गाडी परत आली की मिस्त्रीने पैशाची बोलणी करण्याआधी ती धुऊन घ्यावी, मातीखाली काय आहे ते तेव्हाच दिसते. नाल्यांतून गेलेल्या गाडीचे चाकाचे बेअरिंग उघडून पाहावे, ऑइल बदलावे, ब्रेक शू, स्पोक आणि चेन स्प्रॉकेट तपासावेत. हे काम एका दिवसात होत नाही. तीन दिवस लागतील, असे गिऱ्हाइकाला तो निघतानाच सांगून ठेवावे.