सालीआडची शिकारीण

लांब पायांच्या माश्यांचे कुल, म्हणजे परस्परांशी नाते असलेल्या प्रजातींचा मोठा गट, शास्त्रात डोलिकोपोडिडी या नावाने ओळखले जाते. त्यात 7,000 हून अधिक जातींची नोंद झाली असून अनेकींच्या अंगावर हिरवी, धातूसारखी झाक असते. मेडेटेरा ही प्रजाती मात्र बहुधा काळपट करडी, आणि तिच्या माश्या उभ्या खोडावर डोके वर करून, पुढचा भाग उचलून अशा ठाकतात की सुतार पक्ष्याचीच आठवण व्हावी. तिच्यातील मेडेटेरा ऑल्ड्रिची या जातीचे वर्णन विल्यम मॉर्टन व्हीलर यांनी 1899 मध्ये केले (पुढे त्यांची कीर्ती झाली ती मुंग्यांमुळे). उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगरांत पाइन व डग्लस फर वृक्षांची जी वने आहेत, तेथे ही माशी आढळते, कारण तिचे भक्ष्य तेथेच आहे: मादी भुंगेऱ्यांनी पोखरलेल्या झाडाच्या सालीवर अंडी घालते, अळी सालीखालच्या बोगद्यांत शिरते आणि भुंगेऱ्याच्या अळीला भोक पाडून तिच्यातील रस शोषून घेते. युरोपातील स्प्रूसच्या वनांत हेच काम मेडेटेरा सिग्नॅटिकॉर्निस करते. अशा सारख्या दिसणाऱ्या जाती वेगळ्या ओळखण्यासाठी नराच्या पोटाखाली पुढे दुमडलेल्या जननांगाची घडण सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागते. त्यामुळे नुसती मादी हाती लागली, तर जाणकारही अडखळतो.