नांगर, बैल आणि पीम

इ.स.पू. आठव्या शतकातील संदेष्टा आमोस याच्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात, बाराव्या वचनात, इस्राएलातील धनिकांना दोन प्रश्न लागोपाठ विचारलेले आहेत. घोडे खडकावर धावतात काय, हा पहिला. आणि बैलांनी कोणी नांगरतो काय, हा दुसरा. न्यायाचे विष करून टाकणे हे तितकेच विपरीत आहे, असे वचनाला पुढे म्हणायचे असल्यामुळे दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असेच यायला हवे. पण बैलांनी तर नांगरतातच. ही अडचण पूर्वीच्या भाषांतरकारांच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. 1611 च्या किंग जेम्स या इंग्रजी भाषांतराने 'तेथे' हा मुळात नसलेला शब्द घालून नांगर खडकावर नेला आणि प्रश्न मार्गी लावला. प्रचलित आवृत्त्यांत तो शब्द तिरप्या टायपात छापलेला असतो, म्हणजे पदरचा असल्याची कबुली त्यातच आहे.

अठराव्या शतकातील जर्मन पंडित योहान डाव्हिड मिखाएलिस यांनी शब्द न घालता केवळ तोडला. मुळातील 'बब्बकारीम' म्हणजे 'बैलांनी'. त्याची फोड 'बब्बाकार याम' अशी केली, तर अर्थ होतो 'बैलाने समुद्र (नांगरतो काय)'. एकही अक्षर न बदलता प्रश्न सरळ होतो. शिवाय 'बाकार' हा शब्द हिब्रूत बहुधा समूहवाचक एकवचनात येत असल्यामुळे, मराठीतील 'गुरेढोरे' या अर्थाच्या या शब्दाचे अनेकवचन मुळातच खटकणारे होते. आमोस स्वतःला 'बोकेर' म्हणजे गुरे राखणारा म्हणवतो, आणि हा शब्द 'बाकार'वरूनच आलेला आहे. बैलांनी नांगरतात की नाही, असे विचारणारा गुराखी विरळाच. ही दुरुस्ती हस्तलिखितांच्या आधाराने नव्हे तर तर्काने झालेली आहे, तरीही विसाव्या शतकातील अनेक भाषांतरांनी ती स्वीकारली.

असा तर्क शक्य होतो तो लिपीच्या स्वभावामुळे. हिब्रूची बावीस अक्षरे व्यंजनांची आहेत आणि प्राचीन लेखक स्वरचिन्हे देत नसत. मराठीत कानामात्रा काढून केवळ 'मल' लिहिले, तर ते माल, मूल, मोल की मेल, हे संदर्भावरूनच ठरवावे लागेल. तसेच काहीसे येथे होते. आज दिसणाऱ्या अक्षराखालच्या आणि वरच्या खुणा मासोरेत या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पंडितांनी इ.स.च्या सातव्या ते दहाव्या शतकांच्या सुमारास बसवल्या, आणि त्यांतील तिबेरियाच्या परंपरेची 1008 मधील संपूर्ण प्रत, लेनिनग्राड कोडेक्स, आजच्या बहुतेक अभ्यास-आवृत्त्यांचा पाया आहे.

या पंडितांची एक शिस्त विशेष मोलाची आहे. परंपरेने आलेली अक्षरे चुकीची वाटली तरी ती खोडायची नाहीत. ओळीत 'केतिव', म्हणजे लिहिलेला पाठ, तसाच ठेवायचा आणि समासात 'केरे', म्हणजे वाचायचा पाठ, नोंदवायचा. ईयोबाच्या तेराव्या अध्यायातील पंधरावे वचन हे याचे सर्वांत अवघड उदाहरण होय. ओळीत 'लो' हा शब्द आलेफ अक्षराने लिहिलेला आहे, ज्याचा अर्थ 'नाही'. समासात तोच उच्चार वाव अक्षराने आहे, ज्याचा अर्थ 'त्याची' किंवा 'त्याच्यासाठी'. म्हणजे देव मारणार हे दिसत असताना ईयोब एका वाचनात आशा सोडतो आणि दुसऱ्या वाचनात त्याचीच वाट पाहत राहतो. कानाला फरक कळत नाही, आणि सगळा ईयोब त्या एका अक्षरावर तोललेला आहे. इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मशास्त्रीय ग्रंथातही हा संशय नोंदलेला आहे. भाषांतरकाराला मात्र दोन्ही बाजू ओळीत मांडता येत नाहीत. एक वर घ्यावी लागते आणि दुसरी तळटीपेत जाते, आणि पुष्कळदा तळटीपच गाळली जाते.

मराठीत हा प्रश्न परका नाही. कोकणातील बेने इस्राएल या यहुदी समाजासाठी मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले, आणि पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे साध्या मराठीतले जे भाषांतर केले, ते 1922 मध्ये त्यांच्या निधनापूर्वी पूर्ण झाले. सोपी भाषा आणि अवघड मूळ यांचा मेळ घालण्याचे काम केवढे कठीण, हे आमोसाच्या त्या एका नांगरावरूनही कळते.

नांगराचाच आणखी एक धागा 1 शमुवेलाच्या तेराव्या अध्यायात आहे. शौल राजाच्या काळात शत्रू असलेल्या पलिष्टी लोकांनी इस्राएलात लोहार राहू दिला नव्हता. फाळ, कुदळ, कुऱ्हाड यांना धार लावायची तर लोकांना पलिष्ट्यांकडेच जावे लागे. एकविसाव्या वचनात यापुढे 'पीम' असा शब्द येतो, आणि तो संपूर्ण हिब्रू शास्त्रात पुन्हा कोठेही येत नाही. अशा एकदाच येणाऱ्या शब्दांची संख्या हजाराहून अधिक आहे. 'पे' म्हणजे तोंड, या शब्दाशी साम्य दिसल्यामुळे आणि त्याच्या आधीचा 'पेत्सिरा' हा शब्दही तितकाच दुर्मिळ असल्यामुळे, जुन्या भाषांतरकारांनी दोहोंचे मिळून 'कानस' असे भाषांतर केले. लोहार नव्हता, पण कानस होती, असा त्याचा अर्थ. वाचायला गुळगुळीत, आणि सपशेल चुकीचा.

उलगडा झाला तो विसाव्या शतकाच्या आरंभी, आणि तो जमिनीतून. यहूदियातील प्राचीन स्थळांवर चुनखडीची लहान, तळाला सपाट आणि वर घुमटासारखी वजने सापडली, ज्यांवर 'पीम' हीच अक्षरे कोरलेली होती. त्यांचे वजन सरासरी 7.8 ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे सुमारे 11.4 ग्रॅमच्या शेकेलचे दोन तृतीयांश. नाणी पाडली जाण्यापूर्वी चांदी तोलूनच देत असल्यामुळे पीम हा दर ठरतो: फाळाला धार लावण्याची मजुरी. कानस गेली आणि तक्रार उरली, की शेतकऱ्याला आपल्याच अवजारासाठी शत्रूला चांदी मोजावी लागत होती. सापडलेली वजने मुख्यतः इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकांतील आहेत आणि शौलाचा काळ त्याहून सुमारे तीन शतके आधीचा, त्यामुळे हा दर शौलाच्या दिवसांचा की वृत्तांत लिहिणाऱ्याच्या, यावर वाद आहे.

पीमचा अर्थ शतकानुशतके कोणालाही ठाऊक नव्हता, तरी नकलाकारांनी तो शब्द ओळखीच्या शब्दाने बदलला नाही. तो बदलला असता, तर पुढे सापडलेला दगड कोणत्या ओळीशी ताडून पाहायचा, हेच कळले नसते. त्याच वचनात 'पेत्सिरा' अजून केवळ अंदाजाने 'दर' किंवा 'आकारणी' असा लावला जातो. पुढील 'शेलोश किल्लेशोन' हे शब्द कोणी त्रिदंती काट्याचे, तर कोणी धार लावण्याच्या एक तृतीयांश शेकेलच्या दराचे समजतात, आणि त्यांच्यासाठी जमिनीतून अजून काही वर आलेले नाही.